टाळ्या घ्यायला शिकवलं, ऐकायचं राहून गेलं

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मी निवृत्त मराठीचा शिक्षक. वक्तृत्व स्पर्धेसाठी कितीतरी मुलं तयार केली. आवाज कुठे चढवायचा, आकडा कसा फेकायचा, ‘एक तर हे, नाहीतर सर्वनाश’ म्हणत श्रोत्याला कोंडीत कसं धरायचं, सगळं शिकवलं. ढाली मिळाल्या (मुख्याध्यापकांच्या कपाटावर धूळ खातायत). समोर बसलेल्या मुलांना मात्र ती कोंडी ओळखायला कधी शिकवलं नाही.

प्रचारसभेत हीच हत्यारं. रस्त्याचं विचारलं की ‘त्यांच्या काळात काय होतं?’ असा उलटा सवाल येतो, आणि रस्ता राहतो बाजूला. ‘दुप्पट झालं’ म्हणतात. कशाच्या दुप्पट, कधीपासून, ते गुलदस्त्यात. यात एकही पक्ष मागे नाही. आपलाही नाही.

विनोबांचं उदाहरण मी वर्गात हमखास द्यायला हवं होतं. 1975 साली पवनारला ते मौनात होते. आणीबाणीत ‘अनुशासन पर्व’ हे त्यांचे दोन शब्द सरकारने फलकांवर झळकवले. मौन सुटल्यावर विनोबांनी उलगडा केला : शासन सत्तेचं असतं, अनुशासन आचार्यांचं. पण तोवर ऋषितुल्य माणसाची मोहोर उमटून गेली होती. शब्द खरे, माणूस खरा, फक्त अर्थ दुसऱ्याचा. निव्वळ थापेपेक्षा हे पकडणं कितीतरी अवघड.

अमेरिकेत 1937 साली न्यूयॉर्कला खास प्रचाराची चिकित्सा करणारी एक संस्था निघाली. शत्रूला शिवीवजा नाव चिकटवणं, गुळगुळीत मोठे शब्द, सोयीचे तेवढेच पुरावे मांडणं, ‘सगळेच आमच्याबरोबर’ अशा सात युक्त्या तिने शाळांपर्यंत नेल्या. 1942 मध्ये, ऐन युद्धात, ती बंद पडली.

माझं मागणं लहान आहे. नववी-दहावीच्या भाषेच्या तोंडी परीक्षेत एक छापील भाषण द्या आणि विचारा : यात पुरावा कुठे आहे, नुसती फोडणी कुठे?

अडचण मला ठाऊक आहे. एखाद्या पुढाऱ्याचं भाषण वर्गात घेतलं की दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना फोन येतो, आणि बाई किंवा सर पुन्हा धड्याखालच्या स्वाध्यायाकडे वळतात. म्हणून परिपत्रकासोबत नमुना म्हणून पहिलं भाषण आपलंच जोडा. मग फोन कोण करणार?

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक