मागच्या चौकाबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

गुरुवारी करारावर सही केली. वाडा विकला नाही, पाडणारही नाही. फक्त पागा आणि मागचा चौक नऊ वर्षांसाठी भाड्याने दिलाय. तिथे मुलं स्केटबोर्ड खेळतील, कोपऱ्यात टेबल टेनिस. आधी विचारायला हवं होतं, कळतंय. पण बाबा ‘बघू’ म्हणाले असते आणि आणखी एक पावसाळा गेला असता. माजघराची तुळई किती वाकलीये ते तुम्हीच पाहिलंत. भाड्यातून आधी तीच बदलायची.

बाबा, हसू नका, टोकियोपासून स्केटबोर्डिंग ऑलिंपिकमध्ये आहे. पुण्याच्या पावसात उघड्यावर खेळता येत नाही, म्हणून या मुलांना छप्पर हवं होतं. स्पेनमध्ये ल्यानेरा इथे १९१२ चं ओस पडलेलं चर्च असंच वाचलं. आत रॅम्प आले आणि २०१५ मध्ये ओकुदा नावाच्या चित्रकाराने भिंती-छत रंगवलं. (आई, आपल्याकडे रंग नाही. भाडेकरूंनी विचारायच्या आतच मी सांगून टाकलं.) प्लायवूडचे रॅम्प नुसते टेकून उभे राहतील, सागवानी खांबांना एकही बोल्ट नाही. चौकावरचे पत्रे वारसा समितीची परवानगी आल्यावरच. पानशेतच्या पुराची रेघ आहे ती भिंत तशीच राहील. १९६१ ला बाबा दहा वर्षांचे होते, आणि ती रेघ तात्यांनी कोळशाने ओढलीये. ते कलम मी हट्टाने घातलं.

पुढचा भाग तुमचाच. खालीच कमोड, गीझर, धरायला दांडा. देवघराला हात नाही. फळीवर चाकांचा आवाज होतो, खोटं कशाला बोलू. पण दीड ते चार बंद, लेखी.

माझे लोखंडी रोलर स्केट्स आठवतात? चौकात आपटले, आईने गुडघ्यावर हळद दाबली आणि बाबांनी रागाने स्केट्स माळ्यावर फेकले. परवा सापडले. एकाचं चाक अजून फिरतं.

बाबा, गुडघ्याचे व्यायाम दोन्ही वेळा, ताईला फसवू नका. आई, बीपीची गोळी जेवणाआधी की नंतर ते डॉक्टरांना विचार, शेजारच्या काकूंना नको. दिवाळीच्या आधी नाशिकहून निघायचं नाही. आणि विश्वासकाकांना कुणीही फोन करू नका, त्यांना मीच सांगेन.

तुमची,
छकुली