रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे माणूस बरा आहे असं नसते

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात बातमी होती की रक्तातले एन्झाइम अन् हार्मोन पाहून डिप्रेशन ओळखता येऊ शकते. बातमी खरी असेल, पण हेडिंग वाचून आमच्या पानठेल्यावर दुसऱ्याच दिवशी "आता मनाचंबी रक्त चेक होते म्हणे" सुरू झालं, म्हणून लिहितोय.

माझ्या मोठ्या भावाचं सांगतो. दोन वर्षांआधी कापूस विकल्यावर तो गप्पगप्प राहू लागला, पहाटे तीनला उठून ओसरीत बसायचा, वावरात जाणं बंद, भाकर अर्धी ताटातच. तालुक्याला नेलं, फुल बॉडीचं पॅकेज केलं, सगळं नॉर्मल. मग काय, सलाईन लावली, ताकदीच्या गोळ्या दिल्या अन् घरचे म्हणाले "काही नाही झालं त्याले, नाटकं करते". त्या नॉर्मल कागदानं सहा महिने खाल्ले. पुढे दुसऱ्या डॉक्टरनं रक्त न काढता नुसतं विचारलं, झोप येते का, कशात मन लागते का, मरावंसं वाटते का. शेवटच्या प्रश्नाले भाऊ हो म्हणाला. मी बाजूलेच उभा होतो, इतक्या दिवसात मी एकदाबी विचारलं नव्हतं.

पुतणी डीएमएलटी, म्हणजे लॅबचा कोर्स करते, तिनं सांगितलं की कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन सकाळी जास्त अन् रात्री कमी असते, म्हणजे रक्त किती वाजता काढलं त्यावरच आकडा बदलते. १९८१ साली अमेरिकेत बर्नार्ड कॅरोल अन् त्यांच्या सोबतच्यांनी रात्री डेक्सामेथासोनची, म्हणजे कॉर्टिसॉल दाबणारी गोळी देऊन दुसऱ्या दिवशी कॉर्टिसॉल मोजायची टेस्ट मांडली, लय गाजली. पण डिप्रेशनच्या कितीतरी पेशंटमध्ये ती नॉर्मल यायची, अन् दारू सोडणाऱ्याची किंवा वजन घटलेल्याची बिघडलेली यायची. मागं पडली.

आपल्याले एन्झाइम काही नवीन नाही. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली तेव्हा कोलिनेस्टरेज हे नाव कानावर आलं. मोनोक्रोटोफॉससारख्या फवारणीच्या औषधानं ते एन्झाइम दबते, आकडा खाली येते, डॉक्टरले विषाचा अंदाज लागते. तिथं विष माहीत, त्याचं काम माहीत. उदासीचं तसं एका आकड्यात कुठं बसते बाप्पा, कर्ज आहे, घरचं आहे, रक्ताचंही असेल थोडं.

टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी मात्र जरूर करावी, थायरॉइड कमी पडलं तरी माणूस असाच सुस्त अन् उदास होते आणि त्याची गोळी वेगळी असते. ती तपासणी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच (पीएचसी) झाली तर तालुक्याची चक्कर अन् एक दिवसाची मजुरी वाचेल.

आणि एक विनंती, मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन आहे टेलिमानस, तिचा १४४१६ नंबर फुकट आहे, २४ तास चालते, मराठीत बोलतात, पण आमच्या गावात कोणाले माहीत नाही. तुम्ही कापसाचे भाव छापता ना, त्या चौकटीखाली रोज तेवढा नंबर टाका, ती चौकट तर सगळेच वाचतात.

एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ