खंडो बल्लाळ विसरले नव्हते

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, सकाळ

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र बुधवारी आलं. दोनदा वाचलं. चूक तुझी नाही हे ठाऊक असून साहेबांनी भर बैठकीत फाईल भिरकावली, कालच्या पोरांदेखत नाही नाही ते बोलले. वाचून माझंच डोकं तापलं. बावीस वर्षं त्या माणसाची पत्रं, भेटीगाठी, गोळ्यांच्या वेळासुद्धा तू सांभाळल्यास! आणि शेवटी तू लिहितोस, ‘खंडो बल्लाळांनी बापाचा मृत्यू विसरून चाकरी केली, मग माझं एवढं काय?’ खंडो बल्लाळ म्हणजे मराठी राज्याचे चिटणीस, राजाची पत्रं लिहिणारे; पण त्या ‘विसरून’ शब्दापाशी मी अडलो. म्हणून हे लांबण.

त्यांची पत्रं ज्या लिपीत असत ती मोडी मी वर्षभर शिकतोय. मोडीत आधी डावीकडून उजवीकडे सबंध रेघ ओढून घेतात, मग तिच्याखाली अक्षरं. हात सहसा उचलायचा नाही. पहिले दोन महिने माझी रेघच उतरत होती. त्या उतरत्या रेघेवरून चिटणिसाच्या कामाचा अंदाज आला. धन्याच्या मनातलं ओळखायचं, ते त्याच्या इभ्रतीला शोभेल अशा शब्दांत मांडायचं, आणि खाली पत्र संपल्याचा ‘मर्यादेयं विराजते’ हा शिक्का उमटला की स्वतः बाजूला व्हायचं. खंडोबांचे वडील बाळाजी आवजी शिवाजी महाराजांचे चिटणीस. एकदा पत्र लिहायला वेळ झाला नाही, तर महाराजांपुढे कोरा कागद धरून त्यांनी मजकूर घडाघडा वाचला, अशी गोष्ट सांगतात. खरी असो नसो, माणूस कळतो.

त्याच बाळाजींना १६८१ साली, आपल्याविरुद्धच्या कटात सामील असल्याच्या संशयावरून, संभाजी महाराजांनी सुधागडाच्या परिसरात हत्तीच्या पायी दिलं. शिवाजी महाराजांचे मंत्री अण्णाजी दत्तोही त्यातच गेले. बाळाजी निर्दोष होते असं मानणारे पुष्कळ आहेत, मीही त्यांतला.

आणि दोनच वर्षांनी, १६८३ च्या गोव्याच्या स्वारीत, भरतीच्या पाण्यात संभाजी महाराजांचा घोडा वाहू लागला तेव्हा उडी टाकून लगाम धरला तो खंडो बल्लाळांनी. वसंता, मी या जागी कितीदा तरी थांबलोय. दोन वर्षांत मुलगा बापाला विसरतो का रे? बाप आठवत असतानाच त्यांनी हात पुढे केला असणार. कारण त्या घोड्यावर एकटा धनी नव्हता, मागे औरंगजेब दख्खनेत उतरला होता आणि सगळं राज्य त्या लगामाला लोंबत होतं.

पुढे १६८९ ला संभाजी महाराजांचे धाकटे भाऊ राजाराम महाराज मोगलांपासून वाचायला वेष पालटून दक्षिणेतल्या जिंजीच्या किल्ल्याकडे निघाले. वाटेत बंगळूरच्या मुक्कामी सोबतचे लोक एका यात्रेकरूचे पाय ऊन पाण्याने धुताहेत हे कुणीतरी पाहिलं आणि संशय आला. महाराजांना पुढे काढून खंडो बल्लाळ मागे राहिले, मारझोड सोसली, तोंड उघडलं नाही. जिंजीच्या वेढ्यातून महाराजांना सोडवायची वेळ आली, तेव्हा मोगलांकडे असलेल्या गणोजी शिर्क्यांनी मोबदल्यात दाभोळचं वतन मागितलं. ते खंडोबांचं होतं. त्यांनी लिहून दिलं. यातला बराच मजकूर त्याच घराण्यातल्या वंशजाने शंभरएक वर्षांनी लिहिलेल्या बखरीतला आहे, तेव्हा घरच्या अभिमानाचा रंग त्यात आहेच. पण वतन, म्हणजे पिढीजात हक्काचं उत्पन्न, त्या काळी माणसाचा जीव. तो सहजासहजी कुणी सोडत नसे.

१६९७ च्या सुमारास महाराज जिंजीतून निसटले. मग दहा वर्षांनी खेडची लढाई, इथून चाळीसेक किलोमीटरवर, भीमेकाठी; मोगलांच्या कैदेतून सुटून आलेले संभाजी महाराजांचे पुत्र शाहू एका बाजूला, राजारामांच्या विधवा ताराबाई दुसऱ्या. शाहू खरा की तोतया याची खात्री करायला ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधवांनी खंडो बल्लाळांनाच पाठवलं, असं सांगतात. ताराबाईंच्या पक्षाचे असून त्यांनी डोळ्यांनी पाहिलं तेच सांगितलं, आणि धनाजींनी बाजू बदलली. मला त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यांत मोठा दिवस वाटतो. घोडा धरण्यापेक्षाही. १७२६ साली ते वारले, आणि पुढे मुलगा गोविंदराव शाहूंच्या दरबारी चिटणीस झाला.

आता तुझं. तुझे साहेब म्हणजे राज्य नव्हे. ते दोन वर्षांनी निवृत्त होतील, खुर्चीवर दुसरा बसेल. त्यांच्यासाठी मन मारून राहायला खंडोबांचं नाव पुढे करू नकोस, मला ते फार लागलं. तुझ्या टेबलावरून जी पेन्शनची, जमिनीची प्रकरणं मार्गी लागतात, त्यांच्यासाठी राहावंसं वाटत असेल तर रहा, मी एका शब्दाने अडवणार नाही. मात्र झाला अपमान साहेबांना समोरासमोर सांग. तोंडी नको, लेखी दे. तुझ्यासारखा मसुदा आपल्यात कुणाला जमतो?

येत्या शनिवारी ये. सुमनने तुझ्यासाठी लिंबाचं लोणचं काढून ठेवलंय. रात्री बसून ते पत्र लिहू, रविवारी सकाळी एसटीने खेडला जाऊन येऊ. वहिनींना नमस्कार सांग, त्यांना आणता आलं तर जास्त बरं.

तुझा,
अनंता