‘नरमणे’ काढून टाकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘नरमणे’ हे क्रियापद फारसीतून आलेले आहे, म्हणून वृत्तपत्रांनी ते टाकून सगळीकडे ‘नमणे’ लिहावे, अशी सूचना एका वाचकाने आपल्या दैनिकातल्या पत्रातून केली आहे. मराठीबद्दलची त्यांची कळकळ मी समजू शकतो. सूचना मात्र मान्य करता येण्यासारखी नाही.

आधी अर्थ पाहू. नमणे म्हणजे वाकणे. त्यात समोर कोणीतरी असावे लागते: देव, गुरू किंवा वरचढ शत्रू. म्हणून आपण शत्रूला ‘नमवले’ म्हणतो. ‘नरमवले’ असे सहसा कोणी म्हणत नाही. नरमणे म्हणजे ताठा, धार किंवा जोर कमी होणे. माणसाचा आवाज नरमतो, सोन्याचे भाव नरमतात, दुखणाईताची तब्येत नरम असते. इथे कोणी कोणापुढे झुकलेले नसते. चर्चेत एखाद्या पक्षाची भाषा सौम्य झाली, पण मागणी कायम राहिली, तर तो पक्ष नरमला. मागणीच सोडली, तर नमला. ‘नमते घेणे’ आणखी निराळे, कारण त्यात माणूस वाद मिटावा म्हणून आपणहून एक पाऊल मागे येतो. इतके बारकावे भाषेत आयते असताना ते पुसून एकच शब्द का ठेवायचा?

आता व्युत्पत्ती. ‘नरम’ फारसी ‘नर्म’वरून आला, हे खरेच आहे. पण शोध तिथे थांबवू नये. या ‘नर्म’चे प्राचीन इराणी रूप ‘नम्र’ असे होते. पुढे त्यातल्या म आणि र यांची अदलाबदल झाली. व्याकरणात याला वर्णविपर्यय म्हणतात. आपण बोलताना ‘चिकटणे’चे ‘चिटकणे’ करतो, तसाच हा प्रकार. फारसीत अशी उदाहरणे बरीच आहेत. संस्कृत ‘चक्र’ या शब्दाचे तिकडचे भावंड ‘चर्ख’, ज्यावरून आपला चरखा आला. ‘बर्फ’ हा शब्द अवेस्ता या पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात ‘वफ्र’ असा आढळतो. म्हणजे ‘नरम’ आणि ‘नम्र’ हे एकाच मुळाचे शब्द. एक संस्कृतातून आपल्याकडे राहिला, दुसरा इराणमार्गे आला. संस्कृतात नम् धातूला ‘र’ प्रत्यय लागून ‘नम्र’ होतो, आणि पाणिनीच्या त्याच सूत्राने ‘हिंस्र’ही सिद्ध होतो, हे मला फार विलक्षण वाटते.

शब्द मुळात एक असला, तरी आज त्यांची कामे वेगळी आहेत. नम्र माणूस नरमलेला असतोच असे नाही. नम्रपणे बोलून आपल्या म्हणण्यावर ठाम राहणारी माणसे आपण पाहतो.

जाता जाता एक गोष्ट. ‘नर्मविनोद’ या शब्दातला ‘नर्म’ मात्र या घराण्यातला नाही. तो संस्कृत ‘नर्मन्’, म्हणजे क्रीडा, थट्टा. ‘नर्मदा’ या नावातही तोच आहे. आपण आज नर्मविनोदाचा अर्थ ‘सौम्य, न बोचणारा विनोद’ असा घेतो, त्यात ‘नरम’ची सावली पडली असावी असे मला वाटते. त्यामुळे शुद्धीकरणाच्या उत्साहात कोणी त्यालाही फारसी ठरवू नये.

फारसी-अरबी शब्दांना ‘णे’ लावून मराठीने बदलणे, खर्चणे, कबूलणे, फर्मावणे अशी किती तरी क्रियापदे घडवली. ती चालवायची आणि ‘नरमणे’ तेवढे गाळायचे, याला काही आधार नाही.

तेव्हा आपल्या उपसंपादकांना माझी विनंती आहे की मथळा देताना अक्षरांच्या जागेकडे न पाहता घडले काय ते पाहावे. सूर खाली आला असेल तर ‘नरमले’, हार मानली असेल तर ‘नमले’, आणि समजुतीने तडजोड झाली असेल तर ‘नमते घेतले’ असे लिहावे.

आपला,
एक नियमित वाचक