सह्याद्रीचे पाय आणि उन्स्टाडचं पाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवरच्या सर्फिंगचा लेख वाचला. फोटो सुरेखच होते. पण सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना हे काही जड जाऊ नये, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात होतं, तिथे मी चहाचा कप खाली ठेवला. संध्याकाळपर्यंत आमच्या ट्रेकच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सहा जणांचं 'पुढच्या ऑक्टोबरात जाऊया' पक्कं झालं होतं. त्यातल्या दोघांना पोहताही येत नाही. म्हणून हे पत्र.

मी नाशिकची. वीसेक वर्षं डोंगरात जाते, दोरावरही चढते. गेल्या ऑक्टोबरात मुलीबरोबर लोफोटेनला गेले ती डोंगरांसाठीच. तिथला राइनेब्रिंगन जेमतेम 448 मीटर उंच. आकडा ऐकून आपल्याकडे कुणी सॅकसुद्धा भरणार नाही, पण तो समुद्रातूनच सरळ उठलाय. वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या नेपाळहून आलेल्या शेर्पांनी रचल्या आहेत. त्या न थांबता चढले याचा भारी अभिमान वाटला होता, आणि तोच अभिमान घेऊन दुसऱ्या दिवशी सर्फिंग करून बघायला उन्स्टाडला पोचले.

उन्स्टाड म्हणजे बोगद्यापलीकडची मोजकी घरं, थोडी मेंढरं, तीन बाजूंना कडे आणि चौथ्या बाजूला उघडा समुद्र. वाटेत मासे वाळवायचे लाकडी मांडव लागतात. आपल्याकडे बोंबील वाळवतात तसेच, फक्त कॉड माशासाठी आणि दुमजली घराएवढे उंच. ऑक्टोबरात ते रिकामे असतात. थोर फ्रांत्सेन आणि हान्स एगिल क्राने हे दोन तरुण खलाशी ऑस्ट्रेलियात सर्फिंग पाहून आले आणि 1963 मध्ये घरीच फळ्या बनवून या किनाऱ्यावर लाटेवर उभे राहिले. तिथल्या सर्फिंगची सुरुवात ती. आता 2007 पासून दरवर्षी स्पर्धाही होते.

हे ठिकाण आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला, 68 अंशांवर आहे. तरी समुद्र गोठत नाही, कारण अटलांटिकचा उबदार प्रवाह तिथपर्यंत पोचतो. हे आपल्या लेखात होतं. पाण्याचं तापमान मात्र नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा ते नऊ-दहा अंश होतं. फ्रिजमधली बाटली काढून जरा वेळ ओट्यावर ठेवली की पाणी जेवढं गार लागतं, तेवढं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते चार-पाच अंशांवर उतरतं. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं, त्यामुळे 'मी केदारकंठ्याला उणे दहामध्ये झोपलोय' हे इथे कामाचं नाही.

पहिली चूक मी किनाऱ्यावरच केली. डोंगरात आपण थरावर थर घालतो. त्या सवयीने वेटसूटच्या आत सुती टीशर्ट घालून बसले. शिकवणारा मुलगा हसला नाही, फक्त 'काढा' म्हणाला. सूट ज्या रबराचा असतो त्या निओप्रीनमध्ये बारीक वायूचे बुडबुडे असतात, ऊब ते राखतात, आणि सूट अंगाला घट्ट चिकटला तरच. आत सुरकुती पडली की तिथून गार पाणी आत-बाहेर करत राहतं. सहा मिलिमीटरचा तो सूट, त्याची टोपी, बूट, हातमोजे. ओल्या अंगावर चुडीदार चढवण्याचा अनुभव ज्यांना आहे त्यांनी त्याला दहाने गुणावं. पाण्यात पाय टाकण्याआधीच मी दमले होते.

दुसरी चूक अंदाजात. अॅपवर लाटेची उंची एक मीटर दिसत होती. एक मीटर म्हणजे कमरेएवढी, त्यात काय! शेजारच्या आकड्याकडे मी बघितलंच नव्हतं. दोन लाटांमधलं अंतर तेरा सेकंद. लांबच्या वादळातून निघालेली लाट अशी सावकाश येते आणि पोटात खूप पाणी घेऊन येते. उथळ तळाला लागली की ती उंचावते, आणि उन्स्टाडच्या दोन्ही कडांना तळ म्हणजे शेवाळलेले धोंडे. नवख्यांना मधल्या वाळूवरच ठेवतात. नुसती गडाची उंची वाचून वाट न विचारता निघालेल्या मंडळींना आम्हीच लीडर म्हणून किती वेळा झापलंय!

पहिली लाट डोक्यावरून गेली तेव्हा कपाळात सुया टोचल्यासारखं झालं आणि श्वास आपोआप आत ओढला गेला. तोंड वर होतं म्हणून बरं. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी थंड पाण्याचा एक ढोबळ हिशोब सांगितला आहे: एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, दहा मिनिटं हातपाय धड चालतात तेवढी, आणि शुद्ध जायला साधारण एक तास. हा हिशोब सूट नसलेल्या माणसाचा, सुटाने मुदत पुष्कळ वाढते. पण ध्यानात घ्यायची ती मधली दहा मिनिटं. थंडीने गारठून मरण्याच्या कितीतरी आधी माणूस हात चालेनासे झाले म्हणून बुडू शकतो, चांगला पोहणारासुद्धा.

डोंगरातलं काय उपयोगी पडलं, तर तोल थोडाफार आणि चिवटपणा. तोही नडलाच, कारण फळी हातांनी पुढे न्यायची असते आणि आपला सगळा जीव पोटऱ्या-मांड्यांत. चढताना आम्हाला वर्षानुवर्षं एकच ओरड ऐकवलेली, 'पाय बघ, पाय बघ!' फळीवर पायांकडे बघितलं की माणूस पडलाच. नजर पुढे, किनाऱ्याकडे हवी. बोटांचंही तसंच. दोर-कातळ धरायची सवय लागलेली बोटं फळीची कड आवळून बसतात आणि उभं राहायची वेळ निघून जाते. वीस वर्षांचं शिक्षण त्या तासाभरात मला एकेक करून नडलं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे थांबायला जागा नाही. कड्यावर टाच टेकवता येते, दोर सांभाळणाऱ्याला सांगून दम खाता येतो. इथे तुम्ही थांबलात तरी पाणी थांबत नाही.

पाऊण तासाने बाहेर आले. गाडीपर्यंत चालले, किल्ली खिशातून काढली आणि ती मला धरता येईना. बोटं दिसत होती, पण माझं ऐकत नव्हती. किल्ली दोनदा वाळूत पडली. शेवटी मुलीने दार उघडलं. शेजारचे तिथले लोक प्लास्टिकच्या टबात उभे राहून, घरून कॅनमध्ये आणलेलं कोमट पाणी सुटाच्या गळ्यातून आत ओतत होते. आमच्याकडे थर्मास होता, त्याचं झाकण मी दातांनी उघडलं.

दुसऱ्या दिवशी वारा फिरला होता. शिकवणारा मुलगा दहा मिनिटं नुसता समुद्राकडे बघत उभा राहिला आणि आज नाही म्हणाला. 'एवढ्या लांबून आलोय, पैसे भरलेत' हे वाक्य माझ्या तोंडून निघालं. राजमाचीच्या पायथ्याला भर पावसात मला हेच वाक्य ऐकवणाऱ्यांना मी काय काय बोललेय ते आठवून गप्प बसले. त्याने फळ्या पुन्हा शेडमध्ये लावल्या.

जाऊ नका असं मी म्हणत नाही. मी स्वतः पुन्हा जाणार आहे. पण आधी उभं राहायला कोमट पाण्यात शिका. मंगळूरजवळ मुल्कीला, चेन्नईजवळ कोवलमला शिकवणारे आहेत. पोहणं पक्कं करा. तिथे गेल्यावर एकट्याने उतरू नका. आणि आपल्याला विनंती एवढीच, की पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा फोटोखाली महिना आणि पाण्याचं तापमान छापा. फोटोतलं ऊन बघून कुणाला थंडी कळत नाही.

ता. क. मुलगी पहिल्याच दिवशी चार सेकंद लाटेवर उभी राहिली. तिने आयुष्यात एकही गड चढलेला नाही.

आपली,
एक वाचक, नाशिक