उठताना अंधारी का येते

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, रात्री लघवीला उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, हे तुम्ही फोनवर बोलता बोलता सांगून टाकलंत. 'वय झालं' म्हणून ते सोडून देऊ नका. कारण बहुधा तुमच्या गोळ्यांतच आहे.

माणूस उभा राहिला की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांच्या आणि पोटाच्या शिरांत उतरतं. मानेतल्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. दाब घसरल्याची खबर त्यांच्याकडून गेली की काही क्षणांत सिम्पथेटिक, म्हणजे शरीराला आपोआप सावध करणारे, मज्जातंतू नॉरअॅड्रेनॅलिन नावाचं रसायन सोडतात. ते पेशींवरच्या अल्फा-१ रिसेप्टरवर (रसायन पकडणाऱ्या जागेवर) बसलं की रक्तवाहिन्या आवळतात, बीटा-१ वर बसलं की हृदयाचे ठोके वाढतात. तुमचं सकाळचं मेटोप्रोलॉल बीटा-१ अडवतं आणि प्रोस्टेटसाठीचं रात्रीचं टॅमसुलोसिन अल्फा-१ अडवतं. टॅमसुलोसिनचा रोख मुख्यतः प्रोस्टेटवर असतो, त्याच जातीच्या प्राझोसिन या औषधाइतकं ते बीपी पाडत नाही. पण तुमच्या वयात, आणि जोडीला मेटोप्रोलॉलसारखं बीटा अडवणारं औषध (बीटा ब्लॉकर) असताना, तेवढंही पुरतं.

अंदाज बांधण्यापेक्षा मोजा. पाच मिनिटं आडवं पडून बीपी घ्या. पट्टा दंडावर तसाच ठेवून उभे राहा आणि एका मिनिटाने व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्या. आई, तेव्हा तू बाबांचा हात छातीच्या पातळीवर टेकवून धर. हात खाली लोंबला तर आकडा खोटाच वर येतो आणि झालेली घसरण दिसत नाही. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर उभं राहिल्यावर बीपी पडतंय हे नक्की. प्रत्येक वेळी नाडीही लिहा. एकदा सकाळी गोळ्यांच्या आधी आणि एकदा रात्री टॅमसुलोसिन घेतल्यावर काही तासांनी, असं चार दिवस करा. मध्येच गरगरलं तर मोजणं सोडून आधी बसा.

तोवर रात्री उठताना पलंगाच्या कडेवर एक-दोन मिनिटं बसा, पावलं वर-खाली हलवा आणि मग उठा. लघवीही बसूनच करा, कारण मूत्राशय रिकामं होतानाही दाब घसरतो. टॅमसुलोसिन रोज त्याच जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्या. उपाशीपोटी ते रक्तात जास्त उतरतं.

अंधारी येते म्हणून मेटोप्रोलॉल मनाने बंद करू नका, हे मात्र अगदी बजावून सांगतो. महिनोन्‌महिने अडवून ठेवलेले बीटा रिसेप्टर हृदयावर संख्येने वाढलेले असतात. गोळी एकदम थांबली की नेहमीचंच अॅड्रेनॅलिन त्यांच्यावर तुटून पडतं. ठोके धावतात, बीपी उसळतं, छातीत दुखू शकतं, हार्ट अटॅकही येऊ शकतो. कमी करायचीच ठरली, तर डॉक्टर ती एक-दोन आठवड्यांत उतरवत आणतील. गोळी हळूहळू विरघळणारी असेल तर ती कुटून किंवा चावून घेऊ नका, दिवसभराचा डोस एकदम सुटतो.

आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की टॅमसुलोसिनचं नाव डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच सांगा, बंद केलेलं असलं तरी सांगा. त्याने बुबुळाचा पडदा ढिला पडतो आणि ऑपरेशन चालू असताना बाहुली आकसते. आधी माहीत असेल तर ते तयारीने बसतात.

आता आई, तुझं. काचबिंदूचे टिमोलॉल थेंब हाही बीटा ब्लॉकरच आहे आणि तो डोळ्यापुरता राहत नाही. अश्रूनलिकेतून नाकात आणि तिथून, यकृतात न जाता, थेट रक्तात पोहोचतो. एकच थेंब टाक, डोळा मीट आणि नाकालगतचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धर. मधुमेहाला ग्लिमेपिराइड घेतेस म्हणून आणखी एक. साखर उतरल्यावर होणारी थरथर आणि धडधड या थेंबांमुळे जाणवेनाशी होऊ शकते. घाम मात्र येतोच, कारण घामाच्या ग्रंथींना जाणारे मज्जातंतू सिम्पथेटिक असूनही अॅसिटिलकोलीन हे वेगळं रसायन वापरतात, ते बीटा ब्लॉकरने अडत नाही. अवचित दरदरून घाम फुटला तर आधी साखर तपास.

तुझ्या घोट्यांची सूज बहुधा अॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीची आहे. ते धमन्या सैल करतं, शिरा तितक्या नाही, म्हणून पाणी बाहेर झिरपतं. लघवी वाढवणाऱ्या गोळीने ही सूज फारशी ओसरत नाही. डोस कमी करायचा की दुसरं औषध जोडायचं, ते डॉक्टरांना विचार. एकाच पायाला सूज आली किंवा दम लागायला लागला, तर मात्र थांबू नकोस.

सर्दीची गोळी दोघांनीही न विचारता घेऊ नका. तिच्यातलं फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन बीपी चढवतं आणि क्लोरफेनिरामिनने बाबांची लघवी तुंबू शकते.

आकड्यांचा कागद आणि दोघांच्या औषधांच्या पाकिटांचे फोटो पाठवा. डॉक्टरांना दाखवायची यादी मी त्यावरूनच करतो.

तुमचा,
धाकटा