यादीत बायांची नावं आधी

ता. मूल, जि. चंद्रपूर

चि. बाईस अनेक आशीर्वाद,

हस्तकला विकास आयुक्तांच्या डिझाईन कार्यशाळेसाठी डिझायनर म्हणून तुझी निवड झाली हे कळल्यापासून माय अख्ख्या मोहल्ल्यात सांगत फिरते आहे. बुरूड कारागिरांना नेमकं काय हवं असतं, असं तू विचारलंस. फोनवर ते नीट बोलता येईना, म्हणून लिहितो.

त्या कार्यालयाबद्दल माझं मत वाईट नाही. १९५२ साली निघालेलं कमलादेवी चट्टोपाध्यायांचं हस्तकला मंडळ २०२० मध्ये बरखास्त झालं, आयुक्तांचं काम मात्र चालू आहे. हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आमच्या कामाचं एवढंच, की 'पहचान' कार्ड, म्हणजे कारागिराचं ओळखपत्र, तिथून मिळतं.

मागे आपल्याकडे एक डिझायनर येऊन गेले. माणूस चांगला. लॅम्पशेड देखणे झाले, फोटो निघाले. ते घेणार कोण, हे मात्र कोणी ठरवलंच नव्हतं. दोन अजून आपल्या आढ्याला लटकलेले आहेत. सुपं-टोपल्या मात्र दर हंगामाला खपतात. तेव्हा नमुना काढायच्या आधी गिऱ्हाईक शोध, आणि ती वस्तू विणायला एका बाईचा किती वेळ जातो ते तिच्यासमोर बसून मोज.

पावसाळ्यात कार्यशाळा ठेवू नको. रोवणीच्या दिवसांत एक बाई फिरकणार नाही. शिवाय पावसाळी तोडलेल्या बांबूला भुंगा लवकर धरतो. बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात मुरवला तर टिकतो, पण गावात तेवढं टाकं कुठलं? बांबू मानवेलच घे. भरीव असतो, कामटी चिवट निघते. कटांग काटेरी नि पोकळ, बारीक विणीला नको.

आता मुद्द्याचं. १७ सप्टेंबर २०२३ ला विश्वकर्मा योजना सुरू झाली, त्यात टोपल्या विणणारेही धरले आहेत. प्रशिक्षणाचे रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० चं व्हाउचर. पण एका कुटुंबातून एकाच माणसाला. आपल्या घरी बांबू मी फोडतो, कामट्या मी काढतो. बूड घालण्यापासून काठ बांधेपर्यंत सगळं मायच्या हातचं. मग कारागीर कोण? मोहल्ल्यातल्या बहुतेक अर्जांवर पुरुषांची नावं गेली. आपल्या घरून मी मायचं दिलं, तर चावडीवर चार जण हसले. हसेनात का.

पहचान कार्ड माणसागणिक असतं, तिथे ही अडचण नाही. तरी बायांकडे ते थोडंच दिसतं, कारण कागद घेऊन तालुक्याला जायला त्यांना वेळ कोण देतो? कार्यशाळेची यादी तुझ्या हातात असेल तर विणणाऱ्यांची नावं आधी लिही, आणि ज्यांचं कार्ड नाही त्यांचे अर्ज तिथेच भरून घे. तयार वस्तूच्या चिठ्ठीवर तुझं नाव असायलाच पाहिजे, त्यासाठीच तर शिकलीस. पण विणणारीचंही त्याच चिठ्ठीवर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. वरिष्ठ नाही म्हणाले तर का नाही, ते विचार.

दिवाळीनंतरची तारीख मिळते का बघ. डेपोतून चांगला मानवेल निवडून आणायचा तर वेळ लागतो, म्हणून किती जणी बसणार नि किती बांबू लागतील ते आधी कळव.

तुझे बाबा